बोरसे डॉक्टरांकडे नंबर दमाचा

बोरसे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत मला पपईच्या पानाचा देठ तोंडात धरायला लावला आणि नाक दाबून फाटकापर्यंत पळत जायला सांगितलं. माझं वय तेव्हा एकोणसत्तर. आणि आजारी मी नव्हतो, कुत्रं होतं.

मागच्या पावसाळ्यात डॉक्टर गेले. धुळ्याला त्यांच्या घरी बसायला गेलो तेव्हा त्यांची मुलगी म्हणाली, "आबा, बाबांबद्दल तुम्ही काहीतरी लिहून द्या. शिकलेल्या लोकांनी नुसतं 'भावपूर्ण श्रद्धांजली' पाठवलंय." मी चौथी शिकलेला. पस्तीस वर्षं रावेरहून केळी भरून दिल्लीला ट्रक नेला. ट्रकच्या मागे काय लिहायचं ते पेंटरला सांगितलं, तेवढाच माझा लिहिण्याशी संबंध. पण पोरीने तोंड भरून आबा म्हटलं, नाही कसं म्हणणार. म्हणून बसलोय.

आधी कुत्र्याचं सांगतो, त्याशिवाय डॉक्टर कळायचे नाहीत.

आमचा मुलगा संदीप पुण्याला होता. त्याने बुलडॉग घेतला. चपट्या तोंडाचा, बाक काढून बसल्यासारख्या पायांचा, गालाच्या पिशव्या लोंबणारा. मग संदीपला कंपनीने परदेशात पाठवलं आणि दोन महिन्यांसाठी म्हणून तो हे कुत्रं आमच्याकडे जळगावात मेहरूणला सोडून गेला. त्या दोन महिन्यांना आता सहावं वर्ष लागलं. त्याचं इंग्रजी नाव काहीतरी होतं. आमच्या कमलला, म्हणजे माझ्या बायकोला, ते म्हणता येईना. ती त्याला बब्या म्हणायला लागली. मी म्हणालो, "हे कुत्रं आहे का सोंड कापलेला हत्ती?" ती म्हणाली, "तुमच्यापेक्षा बरा दिसतो." तिथून पुढे त्या घरात माझा नंबर दुसरा.

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या आसपास कमल गेली. दहाव्याला तलावाच्या काठी पिंड ठेवला. कावळे समोर झाडावर बसलेले, पण एक खाली उतरेना. भाऊबंद एकेक जण हात जोडून बोलू लागले. कोणी म्हणालं संदीपकडे लक्ष देऊ, कोणी म्हणालं घर सांभाळू. कावळे ढिम्म. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणालो, "कमल, बब्याला उपाशी ठेवणार नाही." म्हणता म्हणता कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. शंभर माणसांनी पाहिलं. एवढ्या माणसांसमोर दिलेला शब्द, आणि कावळा त्याला साक्षी.

मी शब्द पाळला. त्याचा काय घोळ झाला ते पुढे येईल.

त्या साली मे महिना लागला आणि बब्याला दम लागायला लागला. घोरायचा तो पहिल्यापासून. पण आता जागेपणीही घोरायला लागला. दोन पावलं चालला की बसायचा. मी जळगावात डॉक्टर शोधत फिरलो. एकाने खोकल्याचं औषध दिलं. एकाच्या काचेच्या दवाखान्यात इतका गारवा होता, की बब्या तिथे ठणठणीत झाला. डॉक्टर म्हणाला, याला काही नाही, ही जातच अशी. तिसरा तर कुत्र्याला घाबरायचा. टेबलाच्या पलीकडे उभा राहून मलाच विचारी, "छाती गरम लागते का? जरा हात लावून बघा." मी म्हणालो, "मग फी मीच घेतो."

एक दिवस सकाळी नऊलाच तलावाजवळ बब्या आडवा झाला. जीभ बाहेर, आणि जांभळी. पस्तीस वर्षं केळी वाहिली, गुदमरलेल्या केळीचा रंग मी ओळखतो. आमच्या गल्लीत रफिकभाई राहतात, गाड्यांची सीट कव्हरं शिवतात. ते तिथून चालले होते. त्यांनी मशिदीजवळच्या पाणपोईचा माठ उचलून आणला आणि बब्याच्या पोटावर, पंज्यांवर पाणी ओतत राहिले. पाऊण तासाने जीभ गुलाबी झाली. रफिकभाई म्हणाले, "आबा, आपके जळगाव के डॉक्टर बहोत हो गये. मेरी बकरी जिसने बचाई उसके पास चलो. धुळे में है. पण आधीच सांगतो, आदमी सीधा नहीं है."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्यांच्या व्हॅनमधून निघालो. बब्याखाली ओलं गोणपाट, वर ओलं गोणपाट. मला सारखं वाटायचं, केळीच घेऊन चाललोय.

धुळ्यात देवपूरला एका जुन्या घराचा ओटा, पुढे मोठं अंगण, अंगणात कडुनिंब. पाटी नाही. अंगणात एक म्हैस, तीन बकऱ्या, एक गाढव, दोन-तीन कुत्री आणि सगळ्यांची माणसं. ओट्यावर खुर्चीत एक लुकडा म्हातारा डोळे मिटून बसलेला. अंगात बनियन, पँट घोट्याच्या वर दुमडलेली, मांडीवर वेताची काठी. मला वाटलं, डॉक्टरचे वडील असतील. मी रफिकभाईंना म्हणालो, "डॉक्टर केव्हा येणार?" म्हाताऱ्याने डोळे न उघडता काठी आमच्याकडे रोखली आणि म्हणाला, "मागे जो घोरतोय त्याला पुढे घ्या. माणूस नको. जनावर."

तेच बोरसे डॉक्टर.

त्यांच्याकडे नंबर आधी आला तो आधी असा नव्हता. चिठ्ठी नव्हती, फोन करून वेळ घ्यायची नव्हती. फोन ते उचलतच नसत. रोज सकाळी ओट्यावर डोळे मिटून बसायचे आणि अंगणातल्या सगळ्या जनावरांचे श्वास ऐकायचे. ज्याचा दम वाईट त्याचा नंबर पहिला. त्या दिवशी मोठ्या गाडीतून एक जण कुत्र्याला सुई टोचून घ्यायला आला होता. गळ्यात साखळी, त्याच्याही आणि कुत्र्याच्याही. तो म्हणाला, "डॉक्टर, मी सातपासून बसलोय." डॉक्टर म्हणाले, "फार छान केलंत. ही बकरी झाली, की ते गाढव. मग तुम्ही." बकरीवाली मावशी पदर तोंडाला लावून हसली. तो बसून राहिला. जाईल कुठे? डॉक्टरसारखा हात असलेला दुसरा कोणी नव्हता, हे त्यालाही माहीत होतं.

त्यांची दुसरी तऱ्हा म्हणजे बोली. माणसांशी ते छापील मराठी बोलायचे, कायम "तुम्ही", शिवी द्यायची असली तरी "आपण" लावून. जनावरांशी मात्र अहिराणी. बब्याला त्यांनी दोन हातांनी तोंडाला धरलं आणि म्हणाले, "ये बाप, आठे ये. काय व्हयनं रे तुले? उघाड तोंड." बब्या माझ्या हाताने गोळी घेत नाही, तो यांच्यापुढे दरवाजा उघडावा तसं तोंड उघडून बसला. डॉक्टरांनी नळीबिळी काढली नाही. कान त्याच्या मानेला लावला, मग छातीला. किती वेळ. अंगणात म्हैस रवंथ करत होती ती तेवढी ऐकू यायची.

मग माझ्याकडे वळले. "आपण काय करता?"

"ट्रक डायवर होतो. आता काही नाही."

"डायवरसाहेब, त्या कोपऱ्यात पपई आहे. एक पान तोडून आणा. देठासकट."

आणलं. त्यांनी खिशातल्या चाकूने देठ वीतभर कापला. पपईचा देठ आतून पोकळ असतो. "हा तोंडात धरा. नाक दाबा. फाटकापर्यंत पळत जा आणि या. श्वास फक्त देठातून."

मी रफिकभाईंकडे पाहिलं. ते आकाशाकडे बघत होते. त्यांना माहीत होतं, त्यांच्या बकरीच्या वेळीही असलंच काहीतरी झालेलं. मी पळालो. जाताना बरं गेलो. येताना निंबापर्यंत पोचलो आणि डोळ्यांपुढे काजवे आले. देठ थुंकला आणि ओट्याला धरून उभा राहिलो. सगळं अंगण बघत होतं, गाढवसुद्धा.

"हं," डॉक्टर म्हणाले. "याने देठ थुंकायचा कुठे?"

तेवढ्यावर मला सगळं कळलं. तीन डॉक्टरांनी कागद भरभरून दिले होते, त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं.

मग त्यांनी बब्याच्या नाकपुड्या दाखवल्या, नुसत्या चिरा. म्हणाले, "हे जनावर देवाने केलेलं नाही. शहाण्या माणसांनी केलं. तोंड चपटं दिसावं म्हणून पिढ्यान् पिढ्या नाक दाबत आले. बाहेरचं घर लहान केलं, आतलं सामान तेवढंच. टाळूचा मागचा पडदा लांब, तो जाऊन श्वासाच्या तोंडावर पडतो. केळी कशी न्यायचात आपण?"

"हवा खेळती ठेवून. गाडी थांबली की पहिली ताडपत्री सोडायची."

"मग याची ताडपत्री सोडावी लागेल. नाकपुड्या मोठ्या करायच्या, पडदा कापायचा."

मी म्हणालो, "करा मग आजच."

"मी नाही करणार." ते हात पुढे करून म्हणाले, "हे हात बैलाचे. चार बोटं खोल गेल्याशिवाय यांना काही सापडत नाही. नाशिकला माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आहे, ती करेल. पण एवढ्या चरबीवर ती भूल देणार नाही, आणि दिली तर हा उठणार नाही. थंडी येऊ द्या. तोवर वजन उतरवायचं. ते काम माझं आणि तुमचं."

मला जळगावच्या तिन्ही डॉक्टरांपेक्षा हा माणूस का पटला, ते गाडीत बसल्यावर कळलं. हे माझं काम नाही असं म्हणणारा डॉक्टर मी पहिल्यांदा पाहिला होता.

कोणा भुसार व्यापाऱ्याने मोडीत काढलेला वजनकाटा त्यांनी ओट्याखाली ठेवला होता. त्यावर बब्याला चढवलं. चौतीस किलो. डॉक्टर म्हणाले, "पंचवीसचा पाहिजे. नऊ किलो जास्त घेऊन फिरतोय. आपण गाडीत जास्त माल भरत होता का?"

"सगळेच भरायचे."

"आणि टायर फुटला की देवाला नावं."

खाण्याचं माप ठरवून दिलं. दोन वेळा, वाटीने मोजून. गळ्यातला पट्टा काढून छातीचा पट्टा. सकाळी साडेपाचला फिरवायचं, सहाला घरात. दुपारी कूलरसमोर. मी सगळं केलं. दर पंधरा दिवसांनी धुळे. पहिल्या वेळी वजन चौतीस. दुसऱ्या वेळी चौतीस. तिसऱ्या वेळी पस्तीस.

डॉक्टरांनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "डायवरसाहेब, आमचा पेशंट मुका असतो हे मालकाचं नशीब. नाहीतर किती जणांची इज्जत गेली असती."

"मापानेच देतो."

"हो ना," ते म्हणाले. आणि बब्याच्या कानात, "खरं सांग रे, कोठे जेवस तू?"

नंतर समजलं, डॉक्टरांनी रफिकभाईंकडून माझ्या घराचा पत्ता घेतला होता.

आषाढात एके दिवशी दुपारी बारा वाजता दार वाजलं. उघडलं तर डॉक्टर. अंगात शर्ट होता म्हणून क्षणभर ओळखले नाहीत. खांद्याला पिशवी, एसटीने धुळ्याहून आलेले. "या भागात काम होतं," म्हणाले. मेहरूणला त्यांचं काय काम? आणि आले तेही बरोबर जेवणाच्या वेळेला.

आता सांगायलाच पाहिजे. कमल गेल्यापासून मी रोज दोन ताटं वाढायचो. एक माझं, एक तिचं, ती बसायची तिथे, स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडेला. त्या दिवशी कळण्याची भाकरी, शेवभाजी, भाकरीवर तूप, बाजूला केळं. मी जेवून उठायचो आणि तिचं ताट बब्यासमोर सरकवायचो. शब्द दिला होता ना. बब्याचं मापाचं जेवण वेगळं, ते त्याचं. हे कमलचं. मी ते मोजतच नव्हतो.

डॉक्टरांनी दारातून पाहिलं. दोन ताटं, एक माणूस, आणि दुसऱ्या ताटासमोर लाळ गाळत बसलेला बब्या. चपला काढल्या, मोरीत हात धुतले, आणि कमलच्या ताटावर जाऊन बसले. भाकरी मोडली, शेवभाजीत बुडवली आणि जेवायला लागले.

माझ्या डोक्यात काय झालं ते मी लिहू शकत नाही. मी म्हणालो, "उठा तिथून."

ते जेवत राहिले.

"डॉक्टर, तुम्ही मोठे असाल तुमच्या घरी. ते ताट कोणाचं आहे माहिताय? उठा, नाहीतर हाताला धरून उठवीन."

"उठतो," ते म्हणाले. "पण उद्यापासून इथे कोण बसणार ते सांगा. हा बसणार असेल तर दिवाळी बघणार नाही. मी लिहून देतो."

मी खाली बसलो. मग त्यांना दहाव्याचं सगळं सांगितलं. कावळ्याचं, शब्दाचं. ते भाकरी खात ऐकत होते. हसले नाहीत, एवढं मात्र खरं. माझ्या सख्ख्या भावाला सांगितलं असतं तर हसला असता.

"उपाशी ठेवणार नाही असं म्हणालात?"

"हो."

"गुदमरवून मारीन असं म्हणाला होतात का?"

मी बब्याला पट्ट्याला धरून मागे ओढलं.

"शब्द कावळ्यासमोर दिला. मग ताट कावळ्याला द्या. गच्ची आहे का?"

"आहे."

"पायऱ्या किती?"

"सतरा."

"उत्तम. रोज ताट घेऊन गच्चीवर जायचं. कावळे खातील. तुमचीही छाती सुधारेल. आणि हा काही सतरा पायऱ्या चढत नाही." मग ताटातला शेवटचा घास तोंडात टाकून म्हणाले, "भाजीत मीठ कमी आहे. बाई असत्या तर बोलल्या असत्या."

"बोलली असती," मी म्हणालो. कमल गेल्यापासून पहिल्यांदा कोणी तिच्याबद्दल असं बोललं होतं. बाकी सगळे गंभीर तोंड करून बोलायचे.

बब्या रिकाम्या ताटाकडे गेला. डॉक्टरांनी ताट उचललं. "तुनं नही शे ते. बस आठे." तो बसला. मग पाच वाजेपर्यंत डॉक्टर माझ्याकडेच होते. कमलच्या जागी आडवे होऊन झोपलेसुद्धा. ते घोरत होते, बब्या घोरत होता. मी बऱ्याच महिन्यांनी घरात गाढ झोपलो. जाताना दारात थांबून म्हणाले, "आणि शेवभाजीत कांदा असतो. कुत्र्याला कांदा विष. इतके दिवस वाचला तो तुमच्या मंडळींच्या पुण्याईने."

मी रोज गच्चीवर जाऊ लागलो. पहिले चार दिवस कावळे आलेच नाहीत. पाचव्या दिवसापासून माझ्या आधी येऊन बसायचे. बब्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून वर बघत रडायचा. माझाही जीव तुटायचा. पण दसऱ्याला एकतीस, दिवाळीनंतर अठ्ठावीस. डॉक्टरांनी काट्यावरचं माप सरकवलं आणि म्हणाले, "आता नाशिक."

ते स्वतः आले. त्यांची ती विद्यार्थिनी चांगली चाळिशीची बाई, पण त्यांना पाहून शाळकरी पोरीसारखी उभी राहिली. "सर, आत या ना." ते म्हणाले, "नको. मी आत आलो तर तू माझ्याकडे बघशील. त्याच्याकडे बघ." बब्याला भूल देण्याआधी तेवढं त्याच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "बठ्ठं बरं व्हई जाई." म्हणजे सगळं बरं होईल.

दार लागलं. त्या आत गेलेल्या कुत्र्याच्या मागे माझ्या घरात कोणी नव्हतं, हे डॉक्टरांना माहीत होतं. बाकावर शेजारी बसले आणि म्हणाले, "रावेरहून माल भरून निघालात. पहिला चहा कुठे?"

"काय?"

"चहा, डायवरसाहेब. पहिला."

"बऱ्हाणपूरला."

"कोणाकडे? कसा होता?"

मी सांगत गेलो. बऱ्हाणपूरचा चहा, खंडव्याच्या पुढचा घाट, इंदूरच्या बाहेरचा सरदारजीचा ढाबा, तिथली डाळ. ते मध्ये मध्ये अडवायचे. "गुनाला क्लीनर बदलला तो का? शिवपुरीला पाऊस होता? मग ताडपत्री?" असा माणूस मी पाहिला नाही. पस्तीस वर्षांत माझ्या बायकोनेही मला हे सगळं विचारलं नव्हतं. ग्वाल्हेरच्या पुढे गेलो आणि दार उघडलं. बाई हातमोजे काढत म्हणाल्या, "सर, उठला. नाकातून श्वास घेतोय."

डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "आग्रा राहिलं तुमचं. परत कधीतरी."

घरी आणल्यावर एक निराळंच झालं. बब्या घोरेना. थोडंसं फुरफुरायचा, बस. कमल घोरायची, मग ती गेली तरी बब्या होता, घरात आवाज होता. आता तोही नाही. धुळ्याला गेलो तेव्हा मी तक्रारच केली. "आवाज गेला याचा."

डॉक्टर म्हणाले, "परत बसवून द्यायला सांगू का?"

मग मी खरी बातमी सांगितली. आदल्या दिवशी मी गच्चीवर ताट ठेवून कावळ्यांची वाट बघत उभा होतो. मागे फुरफुर ऐकू आली. वळून बघतो तर बब्या. गच्चीवर. ताटात तोंड.

डॉक्टर एकदम ताठ बसले. "किती पायऱ्या म्हणाला होतात?"

"सतरा."

"मध्ये थांबला?"

"एकदा. नवव्या पायरीवर. मोरीतून आला होता, त्याचे ओले पंजे पायऱ्यांवर उमटले होते, तिथे जास्त."

ते बब्याकडे बघत राहिले. मग चष्मा काढून बनियनला पुसला. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नाही. "डायवरसाहेब, आता गच्चीला दार बसवा," म्हणाले.

शेवटचं त्यांना पाहिलं ते फाल्गुनात. बब्या पंचवीस किलोचा झाला होता, तेवढंच दाखवायला गेलो होतो. अंगण भरलेलं. डॉक्टर ओट्यावर डोळे मिटून. आमचा नंबर लांब होता, बब्याचा दम आता चांगला ना. मी निंबाखाली बसलो आणि गंमत म्हणून त्यांच्यासारखे डोळे मिटले. एक बैल, त्याचा श्वास जाड. एक पिल्लू, भराभर. कोंबड्यांचं काही कळेना. आणि त्यात एक श्वास शिट्टीसारखा, तुटक. मी त्या आवाजाच्या दिशेने डोळे उघडले. तिकडे जनावर नव्हतं. खुर्ची होती.

आमचं झाल्यावर मी म्हणालो, "डॉक्टर, इथे नंबर दमाचा ना?"

"हो."

"मग आज पहिले तुम्ही उठायला पाहिजे होतं. मी ऐकलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कोणी असं बोललं नसावं त्यांना. माणसांशी बोलताना त्यांचा चेहरा जसा असायचा तसा तो राहिला नाही. काठीने माझ्या गुडघ्याला हळूच ढोसलं आणि म्हणाले, "कान चांगला शे तुना. जाय आते घर. ऊन व्हई राह्यनं."

व्हॅनमध्ये बसेपर्यंत मला कळलं नाही, की ते माझ्याशी अहिराणीत बोलले होते.

रफिकभाईंनी गाडी वळवली. डायवरची सवय, मी आरशात बघतो. डॉक्टर बब्याला बघायला म्हणून अंगणात उतरले होते. हात वर केला आणि परत ओट्याकडे गेले. ओट्याला तीन पायऱ्या. पहिलीवर थांबले, निंबावर काहीतरी बघितल्यासारखं केलं. निंबावर काही नव्हतं. दुसरीवर परत थांबले. मग वर गेले, खुर्चीत बसले, आणि काठीने पुढच्या बकरीला बोलावलं.

बब्या सतरा पायऱ्यांत एकदा थांबला होता.